साक्षीदाराची चावी

जव्हारच्या एस.टी.त खिडकीची जागा मिळाली आणि नाशिक मागं पडलं, तेव्हा अर्धं काम झाल्यासारखंच मला वाटलं. उरलेलं अर्धं म्हणजे मोखाड्याला उभी असलेली आमची जुनी विलायती मोटार उघडायची, सुरू करायची आणि स्वतः चालवत घरी आणायची. घरच्यांच्या मते मला खूळ लागलं होतं. जाऊबाई शेजारणीला तसं सांगतही होत्या, आणि आमच्या दोन खोल्यांमधली भिंत किती पातळ आहे हे त्या नेहमीप्रमाणे विसरल्या होत्या.

माझे यजमान मोखाडा तालुक्यात बंधाऱ्यांच्या कामावर ओव्हरसिअर होते. मी नाशिकला शाळेत शिकवायचे आणि सुट्टी लागली की मोखाडा गाठायचे. मोतीबिंदूमुळे त्यांचं गाडी चालवणं बंद झालं, तेव्हा त्यांनी मला शेजारी बसून शिकवलं आणि लायसन काढायला लावलं. गेल्या वर्षी ते गेले. दिवसकार्य उरकताच धाकट्या दिरांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, गाडीच्या चाव्या 'जपून ठेवतो' म्हणून मागून घेतल्या. वर्षभरानं त्यांनी सांगितलं की चाव्या कुठं पडल्या कोण जाणे, आणि आता शोधायच्या तरी कशाला, गाडी भंगारात द्यायची ठरवली आहे, सोमवारी ट्रक जाईल. ठरवली कुणी, तर त्यांनी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. शनिवारी सकाळी पिशवी भरली आणि निघाले.

त्र्यंबकच्या पुढं रस्ता डोंगरात शिरतो. भात कापून झालं होतं, खाचरांत नुसती धसकटं उरली होती. उतारावर कुठं कुठं नागली (नाचणी) अजून उभी होती. दर दोन वळणांनी डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या बायका रस्त्याच्या कडेला सरकून गाडीला वाट देत होत्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, एकट्याच का निघालात. मी म्हटलं, गाडी आणायला. त्यांना वाटलं, गाडीनं कुणाला तरी आणायला, आणि मी ते तसंच राहू दिलं.

मोखाड्याला उतरून मी तहसील कचेरीच्या मागच्या वाटेनं पाड्यावर गेले. आमची जुनी खोली आता दुसऱ्या कुणाकडे होती, पण गाडी जागची हलली नव्हती. शेजारच्या सोमीबाईच्या झोपडीला लागून यजमानांनी कुडाचा आडोसा करून घेतला होता, त्यात ती उभी होती. काळा रंग धुळीनं राखाडी झालेला, चाकं बसलेली, टपावर नागली वाळत घातलेली आणि खाली कोंबड्यांनी खळगा करून मांडलेला संसार. मी दाराची मूठ ओढून पाहिली. चारही दारं घट्ट बंद होती. वर्षभर मी रडले नव्हते अशातला भाग नाही, पण त्या धुळीवर हात ठेवल्यावर जे रडू आलं ते निराळं होतं, आणि त्यात राग जास्त होता.

सोमीबाई पाटीत सामान भरत होती. भाताची कामं संपली की तिचं घर वसईकडच्या वीटभट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडाशी परततं. यंदा ती सोमवारी निघणार होती. तिनं आधी मला जेवायला बसवलं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि सुक्या मासळीची चटणी. चटणीनं माझ्या डोळ्यांतून पुन्हा पाणी काढलं, तेव्हा ती हसली. जाताना घराला काय लावतेस, असं मी विचारलं. तिनं दाराच्या कडीला बांधायची सुतळी दाखवली. पाड्यावर कुणाच्याच दाराला कुलूप नव्हतं.

कुलपांचा माणूस जव्हारला, असं सगळ्यांनी सांगितलं. दुपारच्या गाडीनं जव्हार गाठलं. मोखाड्याहून वर गेलं की हवा पालटते आणि संस्थानी गावाचा रुबाब दिसू लागतो. रस्ते रुंद, झाडं जुनी, आणि बाजाराच्या बाजूला मुसलमान कारागिरांची आळी. तिथं यासीनभाईंचं दुकान होतं. स्टोव्ह, छत्र्या, गॅसबत्त्या, कुलपं, सगळं तिथं दुरुस्त होत असे, पण नुसतं दुकानदार म्हटलेलं यासीनभाईंना खपत नसे. आपल्या आजोबांनी राजवाड्याची कुलपं केली, हे त्यांनी मी बसायच्या आत ऐकवलं.

मी काम सांगितलं. चावी नाही, कुलूप मोखाड्याला आहे, गाडी माझी आहे. पुरावा म्हणून पिशवीतून कागद काढले, तर त्यांनी हातानंच ते दूर सारले.

"कागदाला तोंड नसतं, बाई. उद्या दुसरा येईल, त्याच्याकडंबी कागद असंल. आमच्या घरचा कायदा आहे. कुलूप जिथं आहे तिथला माणूस पायजे. त्यानं माझ्या तोंडावर सांगायचं, ये चीज इनकी है. मगच कानस लागणार."

मी तिथंच भांडायला उभी राहिले. मी म्हटलं, चाव्या घेऊन बसलेल्या माणसाला कुणी कायदा विचारला नाही, आणि मला मात्र साक्षीदार आणायचा. यासीनभाई शांतपणे एका स्टोव्हची पिन साफ करत राहिले. मग म्हणाले की भांडण बरोबर आहे, पण त्यांच्याशी नाही. त्यांच्या आजोबांनी एकदा गोड बोलणाऱ्या माणसाला शब्दावर चावी करून दिली होती आणि घर दुसऱ्याचंच निघालं होतं, तेव्हापासून हा कायदा. उद्या सकाळी मोखाड्याला यायला ते तयार होते. साक्ष मिळाली तर काम, नाहीतर परतीच्या गाडीनं वापस. मला ते आवडलं, हे त्यांना मात्र मी सांगितलं नाही. निदान या माणसाचा नियम सगळ्यांना सारखा होता.

रात्री ओळखीच्या एका शिक्षिकेकडे उतरले. सकाळी गॅरेजमधून भरलेली बॅटरी विकत घेतली आणि मोखाड्याच्या गाडीत चढले, तर कंडक्टरनं अडवलं. बॅटरी गाडीत चालणार नाही म्हणाला. मी म्हटलं, कोंबड्या चालतात, बकरं चालतं, ही तर आवाजसुद्धा करत नाही. मागून यासीनभाईंनी त्यांच्या हत्यारांची पेटी आत ढकलली आणि वाद मिटल्यासारखं बसूनच घेतलं. बॅटरी माझ्या पायाशी राहिली. मोखाडा येईस्तोवर तिच्यातल्या तेजाबानं माझ्या पातळाचा काठ खाऊन टाकला होता.

पाड्यावर आमच्याआधी बातमी पोचली होती. तिठ्यावरचे किराणा दुकानदार शेठ गाडीशी येऊन उभे होते. भाऊजी त्यांनाच सांगून गेले होते की गाडीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. यासीनभाईंनी पेटी न उघडता सर्वांना ऐकू जाईल असं विचारलं, गाडी कोणाची. शेठ म्हणाले, साहेबांची होती, आता त्यांच्या भावाची, बाईमाणसाचा यात काय संबंध. यासीनभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पेटी उचलून खांद्यावर घेतली.

मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोट वर केलं. मालकाचं बोलणं ते साक्षीत धरत नव्हते.

सोमीबाई टपावरची नागली सुपात भरत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि पुढं आली. शेठच्या दुकानात तिची उधारी असते, हे मला माहीत होतं. ती त्यांच्याकडे न बघता यासीनभाईंच्या समोर उभी राहिली.

"गाडी बाईची हाय. साहेब बाजूला बसं, चाक बाई धरं. मी अथं (इथं) बसून रोज बघं. कसंल त्याची जमीन, असा सरकारची माणसा आमाला सांगून गेली ना? मंग हाकंल त्याची गाडी."

शेठ म्हणाले, तो कायदा कुळांचा आहे, मोटारीचा नव्हे. सोमीबाई म्हणाली, कुळांनासुद्धा तुम्ही असंच सांगत होता. कुडापलीकडे जमलेली माणसं हसली. यासीनभाईंनी पेटी खाली ठेवली. "बेस (छान) झाला," सोमीबाई म्हणाली आणि परत सुपाकडे गेली.

आता चावी ते करतील आणि मी बघेन, असा माझा समज होता. पण त्यांच्या घरच्या कायद्याचा दुसरा भाग अजून बाकी होता. दुसऱ्याच्या कुलपात कारागिरानं चावी फिरवायची नाही. फिरवायची ती मालकानं. त्यांनी पितळेची एक कोरी पट्टी चिमणीच्या ज्योतीवर काळी केली आणि माझ्या हातात दिली. कुलपात घालायची, अडेल तिथपर्यंत फिरवायची, किंचित हलवायची आणि सरळ बाहेर काढायची. आतले पत्रे जिथं अडतात तिथं काजळी पुसून पितळ चमकतं. ती खूण बघून ते तेवढंच घासायचे, पट्टी पुन्हा काळी करायचे आणि पुन्हा माझ्या हातात द्यायचे.

मी पहिल्याच फेरीला जोर लावला आणि पट्टी पिळली. त्यांनी ती सरळ न करता फेकून दिली, नवी घेतली आणि मला सुनावलं की कुलपावर राग काढू नका, त्यानं तुमचं काही घेतलेलं नाही. मग मी हात हलका ठेवला. ऊन डोक्यावर आलं, बोटं काजळीनं काळी झाली, अंगठ्याला फोड आला. शेठ मध्येच येऊन, जमलं का, असं विचारून गेले. हात दाखवून अवलक्षण करायची मला हौस नव्हती, म्हणून मी पट्टी पुन्हा कुलपात घातली. पट्टी आत जायची, अडायची, बाहेर यायची. सोमीबाईनं आणून दिलेला ताकाचा तांब्या मी उभ्यानंच रिकामा केला.

आणि मग एकदा ती अडली नाही. हाताला कसलाच विरोध लागला नाही, फक्त आत काहीतरी खट्कन सरकलं. दार उघडलं तेव्हा वर्षभर कोंडलेली हवा बाहेर आली, तिच्यात यजमानांच्या विडीचा वास होता. मी तशीच चाकामागं जाऊन बसले. बाहेर सगळे थांबले होते आणि मला कुणी घाई केली नाही.

तीच चावी आतल्या कुलपालाही लागत होती. बॅटरी बसवली, तेलपाणी बघितलं, जीपवाल्याकडून पंप आणून चाकांत हवा भरली. इंजिन लगेच कुठलं ऐकतंय. पाड्यावरच्या माणसांनी उताराला लावून ढकललं, कोंबड्या फडफडत पळाल्या आणि दोन आचके देऊन गाडीनं काळा धूर सोडला. इंजिनाचा आवाज ऐकून शेठ दुकानाच्या फळीवर आले. मी त्यांना हात केला.

यासीनभाईंनी पहिल्या चावीवरून दुसरी घासली. मला वाटलं दोन्ही माझ्याच, पण त्यांनी एक मला दिली आणि दुसरी सोमीबाईला.

"एक मालकाची, एक गवाहाची. मालकाची हरवली किंवा कोणी हिसकावली, तर गवाहाकडं जायचं. गवाह फक्त मालकाला देणार."

सोमीबाईनं ती सुतळीत ओवून गळ्यात अडकवली. घराला कुलूप नसलेल्या बाईच्या गळ्यात विलायती मोटारीची चावी, यावर पाड्यावर बराच वेळ चर्चा चालली. मी तिचा हात धरला तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, घाटात हळू जा.

घाटात मी हळूच गेले. इंजिन तापलं की थांबायचं, ओढ्याचं पाणी घालायचं, पुन्हा निघायचं. एका चहाच्या टपरीवर दोघांनी येऊन गाडीत वाकून पाहिलं आणि विचारलं, साहेब कुठं आहेत. मी म्हटलं, साहेब मीच. ते हसले आणि निघाल्यावर मागून ढकलायलाही लागले. पाठीमागं दिवस कलला होता, डोंगर तांबूस झाले होते. चालवताना शेजारच्या रिकाम्या जागेकडे मी दोनदा पाहिलं. ब्रेक लवकर दाब, असं तिथून कुणी म्हणालं नाही, तरी मी लवकर दाबला.

दिवेलागणीला नाशिकला पोचले. गाडी बोळात वळवून दारात उभी केली. आवाज ऐकून भाऊजी बाहेर आले. ट्रकवाल्याला निरोप पाठवावा लागेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला पाय लावून बघितला, आणि मग गेल्या वर्षीसारखाच हात पुढं केला.

"वहिनी, चावी माझ्याकडं राहू द्या. तुमच्याकडं कुठं तरी हरवायची."

मी चावी पदराला गाठ मारून बांधली. म्हटलं, "ही राहील माझ्याकडं. दुसरी मोखाड्याच्या सोमीबाईच्या गळ्यात आहे, आणि सोमीबाई उद्या वीटभट्टीवर निघाली आहे. ती मालकाला देते. तुम्ही मालक असाल तर जाऊन मागा."

गाडी आजही माझ्या दारात आहे. पेट्रोल फार पिते, चढावर कुरकुर करते, आणि रविवारी मी तिला गंगापूरपर्यंत नेऊन आणते. प्रवास म्हणावा तर हा चाळीसेक कोसांचासुद्धा नव्हता, पण जाताना मी कुणाची तरी वहिनी म्हणून गेले होते आणि येताना चावीची मालकीण म्हणून आले. पावसाच्या तोंडाशी सोमीबाई परतली, तेव्हा मी तिला भेटून आले. चावी तिच्या गळ्यातच होती. ती मागायला कुणी आलं होतं का, असं मी विचारलं, तर तिनं नकारार्थी मान हलवली.

भाऊजी अजून चावी मागायला गेलेले नाहीत.