ओढ्याच्या दोन्ही काठांचा संघ

बेकरीवाल्या काकूंचं माहेर वरच्या गावचं आणि सासर खालच्या गावचं. मधे एक ओढा, आणि दोन्ही हायस्कुलांमधलं फुटबॉलचं जुनं हाडवैर.

कारखाना बंद पडला तशी दोन्ही गावांतली बिऱ्हाडं एकेक करून शहराकडे निघाली. खालच्या शाळेचे क्रीडाशिक्षक बदलून गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मग काकूंनीच शिट्टी गळ्यात अडकवली. लग्नाआधी भावांबरोबर त्या मनसोक्त खेळल्या होत्या, आणि पहाटेची भट्टी उरकली की त्यांची दुपार मोकळी असायची. पण यंदा मैदानावर आली सातच पोरं, त्यातला एक त्यांचा स्वतःचा मुलगा.

"संघ बंदच करू या," मुख्याध्यापक म्हणाले.

काकूंनी स्कूटर काढली ती थेट माहेरची शाळा गाठली. तिथे पोरं आठ, आणि त्यांना शिकवायला गणिताचे मास्तर.

"आपण एकत्र खेळू," काकू म्हणाल्या.

"अहो, गाव मला उभं करणार नाही!"

"मलाही नाही करणार. बघू या की."

घरी सासऱ्यांनी जेवता जेवता हात थांबवला. तरुणपणी त्यांचा पुढचा दात वरच्या गावच्या एका खेळाडूच्या कोपराने पडला होता, आणि ती कहाणी ऐकल्याशिवाय पाहुण्यांची सुटका नसे.

"त्या लोकांना आपल्या मैदानावर पाय ठेवू द्यायचा?"

"मामंजी, तुमची सून त्या लोकांतलीच. आणि दात पाडणारा माझा सख्खा चुलता. लग्न ठरवताना ठाऊक होतं ना तुम्हाला?"

सासऱ्यांनी मुकाट्याने घास उचलला. सासूबाई हसू दाबत पाणी आणायला आत गेल्या.

पहिल्या सरावात पोरांनी चेंडू फक्त आपापल्या गावात फिरवला. वरच्या गावचा एक लंबू पोरगा, सगळे त्याला उंट म्हणत, गोलासमोर मोकळा उभा राहून हाका मारत होता. काकूंच्या मुलाच्या कानावर जणू पडतच नव्हत्या. काकूंनी शिट्टी फुंकली.

"आजपासून पास दुसऱ्या गावच्याने दिला असेल तरच गोल धरणार. नाहीतर खुशाल भिंतीवर मारत बसा."

बराच वेळ एकही गोल होईना. शेवटी वैतागून मुलाने चेंडू उंटाकडे ढकलला आणि उंटाने तो जाळीत घातला. दोघं एकदम ओरडले, मग लाजून दोन दिशांना पळाले.

शर्टाच्या रंगावरून आठवडाभर भांडण चाललं. काकूंनी दोन्ही रंग बाद करून सरळ पांढरे शर्ट आणले.

पहिला सामना शहरातल्या मोठ्या शाळेशी झाला. चार गोल खाल्ले, एक मारला. तोही मुलाच्या पासवर उंटाने डोक्याने. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या सासऱ्यांनी भान विसरून शेजारच्या म्हाताऱ्याच्या पाठीत थाप मारली. म्हातारा वरच्या गावचा होता. त्यानेही उलट एक ठेवून दिली, पण हसत.

परतताना मुलगा हिरमुसला होता. "आई, हरलो की गं."

"हो, हरलो. तो दुसरा गोल तर फुकट दिलात. उद्या तेच घोटून घेते तुमच्याकडून."

दुसऱ्या दिवशी मैदानावर वरच्या गावच्या तीन पोरी सायकलींवरून आल्या.

"काकू, आम्हालाही घ्याल का?"

काकूंनी त्यांच्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं आणि बुटांचे नंबर विचारले.