पुढची सीट

इंग्लंडच्या अख्ख्या मिडलँड्समध्ये धम्माचा प्रचार माझ्याएवढा कुणी केला नाही. म्हणजे व्हॅन माझ्याएवढी कुणी चालवली नाही. बोलायचं काम बायकोचं.

मी चौथी नापास. ती नर्स, पाली वंदना तोंडपाठ, आणि पोरांना गोष्टी सांगायला एक नंबर. वेल्समध्ये खेडोपाडी आपली दोन-तीन बौद्ध घरं सापडतात, हॉस्पिटलात नोकरीला आलेली. त्यांच्या पोरांना पंचशील म्हणता येत नाही. मग रविवारी आम्ही कॉव्हेंट्रीहून निघायचो. मागं फोल्डिंगच्या खुर्च्या, स्पीकर, खिरीचं पातेलं, आणि त्यांच्यामध्ये उरलेल्या एका सीटवर बायको. पुढं माझ्या शेजारी बुद्धमूर्ती.

आता मूर्ती काय डिकीत टाकायची? भांड्यांत ठेवायची? आमच्यात असलं चालत नाही. मूर्ती पितळेची, चांगली जड. सीटवर ठेवली की गाडीला वाटायचं माणूस बसलंय, आणि बेल्ट लावेपर्यंत ती टिंग टिंग करत राहायची. मग मी बेल्ट लावायचो, नीट, चेहऱ्याला घासणार नाही असा. बायकोचा बेल्ट तिचा ती लावायची.

मागं बसलं की तिला गाडी लागते. मला हे लग्नापासून माहीत. त्यावर माझ्याकडं औषध होतं, आलेपाकाची वडी. वर्षानुवर्षं मी तिला वड्या पुरवल्या आणि स्वतःला चांगला नवरा समजत राहिलो.

परवाच्या वैशाख पौर्णिमेचा कार्यक्रम कार्डिफच्या पुढं, डोंगरातल्या एका गावात होता. निघताना ती व्हॅनपाशी थांबली. पांढरी साडी, नवी.

"अहो, आज मला पुढं बसू द्या. वंदना घ्यायचीय मला. उलट्या करत गेले तर आवाज फुटत नाही."

"मग मूर्ती काय मांडीवर घेतेस?" म्हटलं, आणि मीच हसलो.

ती मागं जाऊन बसली.

मोटरवेवर ठीक चाललं होतं. पुढं तिकडचे रस्ते म्हणजे दोन्हीकडं झुडपाच्या भिंती आणि मधून एकच गाडी जाणार. समोर ट्रॅक्टर आला की आपण रिव्हर्स. रस्ता दाखवणाऱ्या सॅटनॅवनं आम्हाला एका शेताच्या फाटकात नेऊन सोडलं, मेंढ्या बघायला आल्या. मला काय, मी खुशीत. मी सगळी वाट बोलत असतो, जोक सांगत असतो. मागून पातेलं खडखडत होतं. ती "थांबवा, थांबवा" म्हणत होती, आणि मला वाटलं जोक थांबवा म्हणतेय. ते ती नेहमीच म्हणते.

मान वळवली तेव्हा तिनं पातेल्याचं झाकण ओंजळीसारखं धरलं होतं. साडीवर व्हायचं ते झालं होतं.

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "खीर वाचली ना?"

वॉर्डमध्ये पेशंटपेक्षा जास्त ओरडणारे नातेवाईक असतात. त्यांच्याकडं ती जशी बघत असेल, तशी तिनं माझ्याकडं बघितलं.

हॉलवर पोचल्यावर ती आतल्या खोलीत दोन खुर्च्या जोडून आडवी झाली. वंदना घ्यायला मी उभा राहिलो. आयुष्यभर मी तिच्या मागं म्हणत आलो, त्यामुळं मला वाटायचं मला येतं. पुढं कुणी नसल्यावर कळलं काय येतं ते. पाच शीलांतली चार झाली आणि गाडी बंद पडली. पाचवं एका डॉक्टरबाईनं म्हटलं. पोरं हसली. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

हॉलची किल्ली सांभाळणारी एक म्हातारी वेल्श बाई होती. तिनं बायकोला बिनदुधाचा चहा दिला, मग बाहेर येऊन व्हॅनच्या काचेतून बघत बसली. कार्यक्रम आटोपून मी मूर्ती परत पुढच्या सीटवर ठेवली होती, बेल्ट तिच्यापुरता आवळून.

"ही इथं बसते आणि तुझी बायको मागं?" ती इंग्रजीत म्हणाली; मी माझ्या भाषेत सांगतोय.

मी आमची रीत समजावली. तिनं मान डोलावली.

"माझा बाप मिशनरी. आफ्रिकेत, अगदी आतल्या खेड्यांत. जीपमध्ये त्याच्या शेजारी चर्चची बाजाची पेटी. आई आणि आम्ही पोरं मागं, डिझेलच्या डब्यांवर. पावसात जीप चिखलात रुतली की आम्ही उतरून ढकलायचो. पेटी उतरवायची नाही, भिजेल म्हणून."

"आणि तुम्ही?"

"आम्ही भिजायचो."

"मग?"

"एका पावसाळ्यात आईनं आम्हाला उतरवलं आणि परत चढूच दिलं नाही. चालत मोठ्या रस्त्याला लागलो, तिथून बस, बोट, इथं. बाप पेटी घेऊन तिकडंच राहिला."

माझ्यातला जोकर काही गप्प बसेना. "पेटी तरी वाजत राहिली ना?"

"वाजवायची आई," ती म्हणाली. "त्याला कुठं येत होती."

मी तडक व्हॅनचं दार उघडलं. मूर्ती उचलली, मागं बायकोच्या सीटवर ठेवली, खुर्च्यांनी टेकू दिला. पुढची सीट माझ्या रुमालानं पुसली.

तेवढ्यात कार्डिफहून आमची मुलगी आली, तिच्या गाडीनं. आईनंच फोन केला होता. इथंच जन्मलेली, मराठी तिची तिच्यासारखी.

"बाबा, आई माझ्याकडे राहणार."

"किती दिवस?"

"डोन्ट नो. आईला विचारा ना. तुम्ही आईला कधी विचारतच नाही."

बायको बाहेर आली. साडीचा पदर ओला होता, धुतलेला. मी व्हॅनचं पुढचं दार धरून उभा राहिलो, हॉटेलातल्या दरवानासारखा. म्हटलं, "चल. बस पुढं. सीट रिकामी केलीय."

तिनं सीटकडं बघितलं, मग मागं खुर्च्यांमध्ये अडकवलेल्या मूर्तीकडं. आणि पोरीच्या गाडीचं दार उघडलं. पुढचं.

"त्यांनाच बसवा परत पुढं," ती म्हणाली. "तुम्हाला शेजारी न बोलणारंच लागतं."