आठ पिना आणि खंडेनवमीचं कुंकू

गेल्या फेब्रुवारीतला बुधवार, सकाळचे साडेदहा. जागा, पिंपळगाव बसवंतचं एक पॅकहाउस. हजर दुरुस्तीला गेलेला मी, मालक रामदासभाऊ आणि द्राक्षं वजनानुसार निवडणारं परदेशी मशीन. त्याचा स्क्रीन आदल्या दिवशी क्रेटचा धक्का लागून फुटला होता. स्क्रीनशिवाय वजन सेट करता येत नाही. कंटेनर दारात उभा होता. सहाला निघाला नाही तर बोट चुकणार.

"कंपनी म्हणते तीन आठवडे," रामदासभाऊ म्हणाले. "द्राक्षं थांबतील का तेवढी, विचारून बघा तुम्हीच."

मी नाशिकहून साधा मॉनिटर नेला होता. पण बोर्डावरचा व्हिडिओ कनेक्टर अनोळखी निघाला. पिना आठ, नाव नाही, नंबर नाही. कुठल्या पिनेवर काय येतं, या यादीला पिनआउट म्हणतात. यादी नसेल तर मोजून काढायची. मशीन बंद करून मल्टिमीटर लावला की ग्राउंडच्या पिना शून्य ओहम दाखवतात. लाल, हिरवा, निळा या रंगांच्या तीन पिना पंचाहत्तरच्या आसपास. उरतात त्या सिंकच्या. चित्रातली ओळ आणि पूर्ण चित्र कुठे सुरू होतं, ते या दोन पिना सांगतात.

पहिली पिन ४१०. तीच परत लावली, ९,०००. तिसऱ्यांदा काहीच नाही. बारापर्यंत चोवीस आकडे लिहिले. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. शेवटी भिंग लावलं. पिनांवर तांबडा थर.

"भाऊ, गंज चढलाय."

"गंज नाय साहेब, कुंकू हाय ते. खंडेनवमीला आईनं झाकण काढायला लावलं. म्हणाली, पत्र्याची पूजा काय करता, डोकं हाय तिथं लावा."

मी ब्रश काढला. भाऊंनी माझा हात धरला. आईनं लावलेलं कुंकू तिला न विचारता पुसायचं नाही. आईला, म्हणजे माईंना, आणायला जीप मळ्यावर गेली. पाऊण तास.

"पुसायचं नाय," माई आल्या आल्या म्हणाल्या. "लक्ष्मी हाय ती."

"पुसत नाही मावशी, धुतो."

"कशानं?"

"अल्कोहोलनं."

भाऊंनी डोळे मिटले.

"लक्ष्मीला दारू घालतोस?"

"सुई टोचायच्या आधी डॉक्टर लावतात, तेच हे."

माईंनी कापूस हुंगून पाहिला. "मग धू. पण आधी बाहेरून नवं लावते. मोकळ्या कपाळानं नाय ठेवायची."

बाहेरच्या पत्र्याला कुंकू लागलं, मग मी आत टूथब्रश चालवला. वाळल्यावर मोजलं. तीन पिना शून्य, तीन पंचाहत्तर. मशीन चालू केलं. उरलेल्या दोघींपैकी एकीवर सेकंदाला साठ ठोके, दुसरीवर साडेएकतीस हजार. सिंक सापडले. कुठला रंग कुठल्या पिनेवर, ते मीटर सांगत नाही. अंदाजानं वायरी जोडल्या. मॉनिटरवर पट्ट्यावरच्या द्राक्षांचं चित्र आलं.

"लाल द्राक्षं कुणी भरली?" भाऊ म्हणाले.

माईंनी खाली पट्ट्यावर पाहिलं, मग वर स्क्रीनवर. "द्राक्षं हिरवीच हायत. चढली तिला."

मी लाल आणि हिरव्याच्या वायरींची अदलाबदल केली.

"उतरली," माई म्हणाल्या.

कंटेनर सहा वाजून दहा मिनिटांनी निघाला, तरी बोट मिळाली. त्या दिवशी खरी मोजणी वीस मिनिटांची होती. आता अनोळखी बोर्ड समोर आला की मी मीटर काढायच्या आधी, घरातल्या मोठ्या बाई कुठे आहेत, ते विचारतो.