गाडीवरचा मांडव

परवा माहेरी गल्लीतला एक जण भावाला विचारत होता, की पिकअपवर ती लोखंडी रॅक बसवलीस, तिचा खरंच काही फायदा होतो का. त्यालाही जुनी गाडी घ्यायची आहे. भावाला गाडीचा विषय काढून दिला की झालं, मग तो जेवणही विसरतो. सोयाबीनची पोती एक थर जास्त बसतात, कुटार, म्हणजे जनावरांचा भुसा, भरलं तर रस्त्यात उडून जात नाही, मंडपवाल्याचे बांबू वरच्या वर आडवे टाकता येतात. फक्त वारा धरते, त्यामुळे गाडी डिझेल थोडं जास्त पिते. एवढं सगळं सांगून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ताट उचलून आत गेले. मला कोणी विचारलं असतं तर हो म्हटलं असतं की नाही, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

मी मंगरूळपीरला असते. शाळेत शिकवते, आणि घरी आले तरी शिकवणं थांबत नाही, असं वहिनी म्हणते. माहेर रिठदच्या पलीकडे. वाशिमला जायचं तर रिठदच्या फाट्यावरूनच जावं लागतं. भावाच्या मनात ती रॅक फार दिवसांपासून होती आणि तेवढेच दिवस माझा तिला विरोध होता. रॅक आली की पोती वाढतील, आणि पोत्यांवर धरायला दांडा मिळाला की माणसंही चढतील, हे मला दिसत होतं. आपल्याकडे गाडी भरली असं कोणी म्हणत नाही, गाडीत अजून जागा आहे असंच म्हणतात. मी तसं बोलून दाखवलं, की भाऊ म्हणायचा, ताई, तू वर्गातच बरी.

मग आई मागच्या अंगणात घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. वाशिमला ऑपरेशन झालं, हाड बसलं, पण साखरेमुळे जखम काही सुकेना. एक दिवसाआड ड्रेसिंगला या, असं डॉक्टरांनी सांगितलं. एकही चुकवू नका, जखमेतलं विष अंगात उतरलं तर आमच्या हातात काही राहणार नाही, हेही सांगितलं. पाय वाकत नव्हता, त्यामुळे ड्रायव्हरशेजारी बसणं शक्यच नव्हतं. पहिल्यांदा आम्ही तिला बाजेवर झोपवलं आणि बाज तशीच पिकअपच्या मागच्या डाल्यात ठेवली. रिकाम्या डाल्यात ती बाज प्रत्येक खड्ड्याला सरकायची. मी एका बाजूने धरलेली, वहिनीने दुसऱ्या बाजूने. आई ओठ दाबून गप्प होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात भावाने रॅक बसवून घेतली. चार कोपऱ्यांना चार उभे पाइप, डोक्याच्या उंचीवर ते जोडणारे आडवे पाइप, आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे. या वेळी मी काही बोलले नाही. बाजेचे चारही पाय दोरीने त्या पाइपांना बांधले, तर बाज जागची हलेना. वहिनीने नारळ फोडला, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं. ओसरीवरून आई बघत होती. "गाडीले मांडव घातला म्हना की," ती म्हणाली, "आता नवरी पायजे फक्त." सगळे हसले. त्या दिवसापासून आमच्या घरात रॅकचं नाव मांडव पडलं.

उन्हाळा चढत होता. मांडव आहे तर वर काहीतरी टाकू या, म्हणून भावाने पेटीतून वडिलांचं धोतर काढलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण आईने त्यांची दोन धोतरं घडी करून ठेवली होती. जुनं सुती कापड, धुऊन धुऊन मऊ झालेलं, त्याच्यासारखी गार सावली ताडपत्रीची नाही. आईनेच ते सुचवलं होतं, असं मला पक्कं आठवतं. बाज उचलायला गल्लीतले चौघे सोबत निघाले, आणि ऊन लागू नये म्हणून चौघांनीही डोक्याला पांढरे दुपट्टे बांधले. जखमेला वास यायचा आणि आईला त्याची लाज वाटायची, म्हणून वहिनीने बाजेच्या पायथ्याशी उदबत्त्या खोचल्या. हार तसाच लटकत होता. मी डोक्यावर पदर ओढून आईच्या उशाशी बसले. आम्ही सगळ्यांनी आपापल्या परीने अक्कल चालवली होती, आणि सगळ्यांची मिळून काय वस्तू तयार झाली होती ती कोणालाच दिसली नाही.

रिठदच्या फाट्यावर एक चहाचं हॉटेल आहे. म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाकडी आणि एक स्टोव्ह. गतिरोधकापाशी गाडी हळू झाली तेव्हा हॉटेलवाल्याने मोबाइलवरचं गाणं बंद केलं. मग तो उठून उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. बाकड्यावरची माणसंही उठली. समोरून येणारा मोटारसायकलवाला कडेला थांबला. मागून कोणा पुढाऱ्याची गाडी येते आहे की काय, असं वाटून मी वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता.

"कोन मेलं वं?" आईने विचारलं.

चौघेही खाली बघायला लागले. आईने डाल्याच्या फळक्याच्या फटीतून एकदा टोपी काढलेल्या त्या माणसाकडे पाहिलं, आणि मग मान वळवून वर, धोतराकडे. तिला कळलं ते मला दिसलं. वाशिमपर्यंत ती डोळे मिटून राहिली, आणि मला सारखं वाटत होतं की तिने डोळे उघडावेत.

ती गोष्ट तिथेच संपली असती तर वेगळं. पण फाट्यावर आमची गाडी ओळखणारं कोणीतरी होतं, आणि फोन तर हल्ली प्रत्येकाच्या हातात असतो. संध्याकाळी केनवडची मावशी, आईची धाकटी बहीण, चार बायका घेऊन आली. वेशीपासूनच तिने गळा काढला होता. माझी मायसारखी बहीण गेली वं, आता माहेर संपलं वं, असं रडत ती अंगणात आली, आणि आई आत बाजेवर पडून ते सगळं ऐकत होती. वहिनी धावत बाहेर गेली. रडणं एकदम थांबलं. मावशी दारात आली, बहिणीला पाहिलं, आणि पदराने तोंड झाकून मटकन खालीच बसली. मग तीच सगळ्यांची समजूत घालू लागली, की मेल्याची खोटी बातमी उठली म्हणजे माणसाचं आयुष्य वाढतं, हे तर जुनंच आहे. बायकांनी माना डोलावल्या. चहा झाला. मावशी हसत हसत गेली, पण आई हसली नाही.

त्यानंतर ती गाडीत बसायला तयार होईना. भाऊ म्हणाला, रॅक काढून टाकतो. रॅक काढली तर बाज पुन्हा सरकणार, आणि तिला आता तेवढं सोसवत नव्हतं. धोतर काढतो म्हणाला, हार तर काढलाच होता. भाड्याच्या गाडीचं विचारलं, तर पाय पसरून झोपता येईल अशी गाडी रोज रोज आणायची कुठून? आई कशालाच हो म्हणेना. ती चिडली नव्हती, हट्टाने बोलतही नव्हती, फक्त भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेवटी एकदा मला म्हणाली, "एकदा नेलं तसं मले. दोनदा कायले नेता?"

मी शिकलेली बाई. आई, हे सगळं मनाचं असतं, असं मी तिला समजावलं. मनाचं असतं म्हणजे नसतंच, असं आम्हा शिकलेल्या लोकांना वाटतं. गावातला कंपाउंडर घरी येऊन पट्टी बदलून जायचा, पण जखम आतून साफ करणं त्याला जमत नव्हतं, आणि त्याने तसं स्पष्ट सांगितलं. ड्रेसिंग चुकत गेली. घरात उदबत्ती लावायची आता कोणाची हिंमत नव्हती, त्यामुळे वास लपेना. रात्री भाऊ अंगणात गाडीपाशी जाऊन उभा राहायचा. मी त्याच्यावर ओरडले, तुझी ती रॅक नसती तर हे झालंच नसतं, म्हणून. माझं म्हणणं खरं नव्हतं, आणि खोटंही नव्हतं. हेच मला फार छळतं.

एका सकाळी आईनेच वहिनीला हाक मारली. तिची फुलाफुलांची गोधडी काढायला लावली, डोक्याला तेल लावून घेतलं, आणि भावाला म्हणाली, "मले झोपवू नको. बसव. त्या दांड्याले धरून बसतो मी. लोकायले दिसलं पायजे."

बाज काढली. डाल्यात गादी टाकली, वर ती गोधडी अंथरली, ड्रायव्हरच्या केबिनकडे पाठीला कुटाराची पोती लावली, आणि तिला पाय पसरून बसवलं. तिने उजव्या हाताने रॅकचा दांडा धरला. वर धोतर नाही, ऊन थेट डोक्यावर, पण पदर ओढून ती ताठ बसली होती. बसण्याने तिला किती दुखत होतं ते दांड्यावरची तिची बोटं सांगत होती. रिठदचा फाटा आला तसा तिने केबिनच्या काचेवर हात आपटला. भावाने गाडी थांबवली.

हॉटेलवाला बघतच राहिला.

"काहून रे बापू, त्या दिवशी टोपी काढली होती तू?" आई म्हणाली. "मी हावो अजून. चहा आन."

तो बिचारा एवढा गोंधळला, की माफी मागायची की चहा ठेवायचा हे त्याला कळेना. चहा आणला तर आई म्हणाली, साखर चालत नाही, बिनसाखरेचा कर. त्याने पुन्हा केला आणि दांड्याच्या वरून ग्लास तिच्या हातात दिला. बाकड्यावरची माणसं तिला बघत होती, आणि तिलाही तेच हवं होतं. त्या दिवशी डॉक्टर आम्हाला फार बोलले. इतके दिवस का आला नाहीत, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. काय सांगणार होतो?

पुढे एक दिवसाआड तसंच चाललं. फाटा आला की हॉटेलवाला लांबूनच हात वर करायचा, आईही हात वर करायची. येताना गाडी थांबायची आणि बिनसाखरेचा ग्लास रॅकच्या दांड्यावरून वर यायचा. मी शाळेला सुट्टी टाकून जमेल तेव्हा जायचे. तिचं मन परत आलं होतं, पण जखम भरून येईना. डॉक्टर म्हणाले होते तसं विष अंगात उतरलं होतं. चुकलेल्या ड्रेसिंगमुळे उतरलं की त्याआधीच उतरायला लागलं होतं, हे त्यांनाही सांगता आलं नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायचा मला धीर झाला नाही.

ती वाशिमला दवाखान्यातच गेली, भर सकाळी, फार त्रास न होता. गाडी बाहेर उभी होतीच. दुसरी गाडी बघू का, असं कोणीतरी विचारलं. भाऊ म्हणाला, ती तिच्याच मांडवातून घरी येईल. तिला डाल्यात गादीवर झोपवलं आणि तीच फुलाफुलांची गोधडी अंगावर घातली. गाडीत वडिलांचं धोतर नव्हतं, हार नव्हता, कोणाच्या डोक्याला पांढरा दुपट्टा नव्हता. डाल्याच्या बाजू उंच असल्यामुळे बाहेरून ती दिसत नव्हती. पोत्यांना पाठ टेकून मी तिच्या जागेवर बसले. धरायला काहीतरी हवं होतं, म्हणून दांडा धरला. डोक्यावर पदर होता.

रिठदच्या फाट्यावर हॉटेलवाल्याने लांबूनच हात वर केला. गाणं चालू होतं. बाकड्यावरचं कोणी उठलं नाही. भावाचा पाय सवयीने ब्रेकवर गेला असावा, कारण गाडी थांबली, आणि थांबल्यावर ती पुढे काढायचं त्याला सुचलं नाही. हॉटेलवाला ग्लास घेऊन हसत आला. त्याने ग्लास दांड्याच्या वरून पुढे केला, आणि मग पदराखाली आई नाही, मी आहे, हे त्याला दिसलं. त्याने टाचा उंचावून खाली डाल्यात पाहिलं.

त्याचा दुसरा हात टोपीकडे जाऊ लागला आणि मधेच थांबला. आमच्या आईने त्याला एकदा त्याच टोपीवरून झापलं होतं. तो तसाच उभा राहिला, एका हातात गरम ग्लास, दुसरा हात अर्धवट वर, आणि माझ्याकडे बघत होता, जणू परवानगी मागत होता.

मी त्याच्या हातातला ग्लास घेतला. मग त्याने टोपी काढली.