निळं कुंकू

ऑफिसात मी फोटो उघडणारा, सी भाषेतला जुना कोड जावा भाषेत आणत होते. टेस्टला आईचा अंगणातला जुना फोटो घेतला. स्क्रीनवर आभाळ शेंदरी, आईचं कुंकू निळं. तुळस तेवढी हिरवीच. जुना कोड फोटोच्या प्रत्येक ठिपक्यात, म्हणजे पिक्सेलमध्ये, तीन रंगांपैकी आधी निळ्याचा बाइट ठेवायचा, नवा आधी लाल वाचत होता. हिरवा मधला, तो जागचा हलला नाही. एवढ्याशा चुकीत मेली अख्खी दुपार गेली! क्रम फिरवला.

इथे आखातात, अल बर्शाला घरी येऊन आईला व्हिडिओ कॉल लावला. बाबा गेल्यापासून तिने कुंकू सोडलंय. लाव म्हटलं तर ऐकत नाही.

"आज काय केलंस गं?"

"फोटोतल्या एका बाईचं कुंकू निळं झालं होतं. लाल केलं."

"बरं केलंस," आई म्हणाली, आणि तिचा हात कपाळाकडे गेला.