ऊन धरणारा माणूस

संस्थेच्या फोटोसंग्रहात एक मुलगी जुने फोटो संगणकावर चढवत होती. तिच्या घड्याळाच्या काचेवर खिडकीतलं ऊन पडलं आणि एक कवडसा थरथरत छतावर फिरू लागला. मला एकदम सदूभाऊ आठवले.

आम्ही विद्यार्थी लेण्यांच्या अभ्यासाला निघालो, की संस्था कॅमेरा द्यायची आणि सोबत आपले शिपाई, सदूभाऊ. ते लेण्याच्या तोंडाशी आरसा धरून उभे राहायचे. आरशातलं ऊन आतल्या अंधारात नेमकं मूर्तीवर पडायचं, मग मी फोटो काढायची.

एकदा त्यांनी ऊन देवीऐवजी तिच्या पायाशी उभ्या असलेल्या चवरीवालीवर टाकलं. माझी कळ दाबून झाली होती. मी चिडलेच.

“सदूभाऊ, लक्ष कुठंय तुमचं?”

“ताई, देवीचा फोटो सगळेच काढतात. हिच्याकडं कुणी बघतच नाही. किती दमलीय, बघा तरी.”

मी बघितलं. मग पुढे कितीतरी वर्षं दुसरं काही बघितलंच नाही. लेण्यांतल्या सेवकांवर माझा प्रबंध झाला, त्याचं कौतुकही झालं. सदूभाऊ तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांना कळवायचं माझ्या मनातही आलं नाही.

“मॅडम, हा वगळू ना?” मुलीने तोच फोटो पुढे केला. मागे पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : खराब.

मी ते खोडलं आणि तिथे लिहिलं : ऊन – सदूभाऊ.