बुधवारचे पूर्वज

मेलेल्या माणसांच्या नादी लागलं की जिवंत माणसांचे किस्से फुकट मिळतात. माझ्याकडे तर इतके साठलेत की भाजी चिरताना एखादा आठवतो आणि मी एकटीच हसत बसते. सून ओरडते, "आई, बोटं सांभाळा!"

मुलाकडे मेलबर्नला, क्रेगीबर्न भागात, राहायला आले तेव्हा सुनेने मला लायब्ररीतल्या इंग्लिशच्या क्लासला घातलं. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही ओढ्याला पाणी नसेल तर. मी खोली चुकले. आत पाच-सहा म्हातारी गोरी माणसं कम्प्युटरला नाक लावून बसली होती. मला वाटलं हाच क्लास. बसले.

ग्रॅहम म्हणून एक उंच बाप्या तिथला मुख्य. पूर्वी जमिनी मोजायचा, आता रिटायर्ड. त्याने वाकून विचारलं, "तुम्ही कोणाला शोधताय?"

मी म्हटलं, "कोणालाच नाही. आमचे सगळे घरी आहेत!"

तो फॅमिली हिस्ट्रीचा ग्रुप निघाला. दर बुधवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, जमायचं आणि आपापले खापरपणजोबा हुडकायचे. इंग्लिशचा क्लास शेजारच्या खोलीत होता, पण मी तिकडे गेलेच नाही. इथली बिस्किटं चांगली होती.

*

एका बुधवारी ग्रॅहम केक घेऊन आला. वर आयसिंगची मेंढी. मी विचारलं, "बर्थडे?"

"छे! माझा पूर्वज सापडला! मेंढी चोरली म्हणून इंग्लंडातून जहाजात घालून इकडे पाठवलेला. अस्सल कैदी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे घराण्यात असा एक निघाला तर चार पिढ्या पोरींची लग्नं अडतील. इथे केक कापतात!

जॉइस मात्र कोपऱ्यात तोंड पाडून बसलेली. ही आमच्या ग्रुपमधली सगळ्यात गरीब बाई, स्वभावाने म्हणते मी. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "माझा पणजोबा स्वतःचं तिकीट काढून आला."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे गं. शोध अजून. काहीतरी केलंच असेल त्याने."

केलं होतं! दिवाळीच्या सुमारास तिला सापडलं. दारू पिऊन घोड्यावर उलटा बसला आणि चर्चच्या दारात गात उभा राहिला, म्हणून दंड! जॉइसने केक आणला. ग्रॅहमच्यापेक्षा मोठा.

*

ग्रुपमध्ये माझ्याशिवाय आपला एकच माणूस, कुलकर्णी काका. पुण्याचे, रिटायर्ड इंजिनिअर, इथे मुलीकडे असतात. गोऱ्यांना पणजोबासाठी एवढं रडावं लागतं याची त्यांना फार कीव यायची. एक दिवस ते घरची वंशावळ घेऊन आले. टेबलावर उलगडली, ती उलगडतच गेली. दुसरं टेबल जोडावं लागलं.

"अठरा पिढ्या!" काका म्हणाले. "आम्हाला शोधावं लागत नाही. आमच्याकडे आहेच!"

गोरे थक्क. मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले. मी आपली बोट लावून वाचत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काका, यात बाई एकही नाही."

"मंगलताई, वंशावळ अशीच असते."

"म्हणजे अठरा पिढ्या पुरुषच बाळंत होत आले?"

ग्रॅहम विचारायला लागला काय झालं, काय झालं. मी म्हटलं, "नो मदर. ओन्ली फादर, फादर, फादर!"

माझ्या शेजारी बेरिल बसलेली. तिने वंशावळीकडे मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, "पुअर डार्लिंग्ज! केवढं दुखलं असेल!"

काका लालबुंद. पण माणूस प्रामाणिक. पुढच्या बुधवारी पेन्सिल घेऊन आले आणि सगळ्यांसमोर पुण्याला बहिणीला फोन लावला. "अक्का, आपल्या पणजीचं माहेरचं नाव काय गं?"

स्पीकर चालू होता. अक्का म्हणाल्या, "आज तुला पणजी आठवली? आधी माझं सासरचं आडनाव सांग बघू!"

काकांनी फोन कट केला.

*

मग ग्रॅहम माझ्या मागे लागला. मंगलचं झाड पाहिजे, मंगलचं झाड पाहिजे. बसला टाइप करायला.

"जन्मतारीख?"

"एक जून."

"मिस्टरांची?"

"एक जून."

"अरे वा! दीर वगैरे?"

"एक जून."

त्याचे हात थांबले. मी समजावलं, आमच्याकडे शाळेत नाव घालायच्या वेळी आईबापाला तारीख माहीत नसली की गुरुजी एक जून लिहायचे. आमचा अख्खा वर्ग एक जूनचा. शाळेने जन्माला घातलेली पोरं आम्ही!

"पण मग खरा जन्म कधीचा?"

"आमच्या म्हशीला रेडकू झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा."

ग्रॅहमने चष्मा पुसला, परत लावला आणि अगदी मनापासून विचारलं, "म्हशीची नोंद कुठे मिळेल?"

*

आता बेरिलचं सांगते. वय त्र्याऐंशी. केस कापसासारखे, जीभ कोयत्यासारखी. नवरा गेला, पोरबाळ झालं नाही, पाठचा भाऊ होता तोही मागच्या वर्षी गेला. ती म्हणायची, "मला राजा नको, कैदी नको. माझ्या रक्ताचा एक जिवंत माणूस दाखवा. एकच पुरे." आम्ही बाकीचे मेलेली माणसं हुडकायचो. ही जिवंत हुडकत होती.

तिचा पणजोबा लार्स, नॉर्वेचा खलाशी. जहाज मेलबर्नला लागलं, हा उतरला आणि परत चढलाच नाही. इथेच बायको केली, इथेच मेला. घरात दोनच गोष्टी माहीत होत्या, त्याचं नाव आणि गावाकडच्या शेताचं नाव. तिकडे म्हणे आडनावाच्या जागी शेताचं नाव लावतात. चर्चची जुनी बुकं सगळी कम्प्युटरवर आहेत, पण अक्षर असं की शाईत पडलेली मुंगी जीव घेऊन पळालीय!

बेरिलने महिनोन्महिने डोळे फोडले आणि शेत सापडलं. लार्सही सापडला. आणि लगेच घात झाला. हा लार्स तिथेच लग्न करून, आठ पोरं काढून, म्हातारा होऊन तिथल्याच मातीत गेलेला!

ग्रॅहम म्हणाला, "चुकीचं शेत. सोडून दे, बेरिल."

कुलकर्णी काका म्हणाले, "पुनर्जन्माचा विचार केला का?"

मी सरळ सांगितलं, "त्यात काय! दोन घरं केली असणार. खलाशीच तो!"

बेरिलने माझ्याकडे बघितलं. मग उठली, बिस्किटांचा डबा माझ्यासमोरून उचलला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

*

तिचा राग जायच्या आधीच ग्रुपची ट्रिप निघाली. कुठे? कबरस्तानात! इथे मेलेल्या लार्सच्या थडग्यावर काही जास्त लिहिलंय का बघायला. मी म्हटलं, जिवंतपणी सहलीला स्मशानात जाणारे मी हेच बघितले. पण गेले. बेरिलचा राग आहे म्हणून मी घरी बसले असते, तर ती जिंकली असती.

दगडावर नाव, आणि 'नॉर्वेचा', बस्स. तेवढ्यात जेवायची वेळ झाली, तर बेरिलने शेजारच्या थडग्यावर चादर अंथरली आणि सँडविच मांडायला लागली!

मी ओरडले, "अगं, खाली माणूस आहे!"

ती माझ्याशी बोलत नव्हती ना, म्हणून जॉइसला म्हणाली, "तिला सांग, त्याची काही तक्रार नाही. मी विचारलंय."

संध्याकाळी घरी आले. स्मशानातून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. सून म्हणाली, "आई, बाथरूम आतच आहे, उंबरा न ओलांडता कशा जाणार?" मग काय, पुढच्या अंगणात झाडांचा पाइप घेतला आणि साडीसकट डोक्यावर धरला. समोरचा शेजारी कुत्रा फिरवत होता. तो थांबला, बघितलं आणि म्हणाला, "बॅड डे, मेट?"

मी म्हटलं, "नो वरीज. ओन्ली डेड पीपल!"

आता तो कुत्रा दुसऱ्या गल्लीतून फिरवतो.

*

उत्तर आलं ते नॉर्वेहून. बेरिलने तिथल्या गावातल्या एका इतिहासवाल्याला इमेल टाकली होती. त्याने लिहिलं, 'त्या घरात लार्स दोन होते. सख्खे भाऊ.'

तिकडची रीतच तशी. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. यांचे दोन्ही आजोबा लार्स! आता कोणत्या आजोबाला नाराज करणार? मोठा लार्स आणि धाकटा लार्स. मोठा शेतावर राहिला, धाकटा जहाजावर गेला. एक हाक मारली की दोन पोरं हजर, केवढी सोय!

आणि आमच्या ग्रॅहमने काय केलं होतं माहितीय? चर्चच्या बुकावरून यादी करताना दुसरा लार्स दिसला, तर 'चुकून दोनदा लिहिलाय' म्हणून खोडून टाकला होता! बेरिलचा सख्खा पणजोबा, एका फटक्यात!

बेरिल माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात. "हं? काय म्हणाली होतीस माझ्या पणजोबाला?"

"दोन आहेत म्हणाले होते. आहेतच की दोन!"

"मंगल, यू आर इम्पॉसिबल!"

"यस," मी म्हटलं. डबा परत माझ्यासमोर आला.

*

मोठ्या लार्सच्या वंशातला एक म्हातारा अजून त्याच शेतावर राहतो, असं त्या इतिहासवाल्याने कळवलं. नाव आर्ने. बुधवारीच व्हिडिओ कॉल ठरला. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. लायब्ररीवाल्यांनी भिंतीवरचा मोठा टीव्ही लावून दिला. बेरिल निळा ड्रेस घालून, लिपस्टिक लावून आलेली. माझा हात असा घट्ट धरलेला की बांगडी रुतली.

स्क्रीनवर आर्ने आला. बेरिलचेच कान लावून आला! मोठे, बाहेर आलेले, सुपासारखे. आम्ही सगळे एकदा इकडे बघतोय, एकदा तिकडे. कोणाला काही विचारायची गरजच राहिली नाही. बेरिल आपले कान चाचपून बघायला लागली.

आधी आर्नेच बोलला. त्याचं इंग्लिश माझ्यापेक्षा बरं होतं. म्हणाला, "धाकट्या लार्सची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. त्या दिवशी तो आईला म्हणाला, बंदरावर जहाज बघून येतो, जेवायला घरी आहे. आई ताट मांडून बसली. तो आलाच नाही. ती जिवंत होती तोवर रोज त्याचं ताट मांडायची. आम्हाला वाटत होतं तो समुद्रात बुडाला. आणि आज तू दिसतेयस."

जॉइस रडायला लागली. कुलकर्णी काका छताकडे बघायला लागले. ग्रॅहमने तर नाक शिंकरलं ते बाहेर काउंटरपर्यंत ऐकू गेलं. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

बेरिलने डोळे पुसले. पुढे सरकली. घसा साफ केला. तिचा पहिला प्रश्न काय असावा?

"जेवायला काय होतं?"

आर्ने गोंधळला. मागे वळून बायकोला काहीतरी विचारलं. बायको आत स्वयंपाकघरात, दिसत नव्हती, नुसता आवाज आला. तोही ठसक्यात. आर्ने परत फिरला.

"ती म्हणते, हिवाळा होता ना, मग मासाच. वाळवलेला. राखेच्या पाण्यात भिजवून भिजवून खळीसारखा थलथलीत झालेला. अजूनही आम्ही हिवाळ्यात तोच खातो."

बेरिल मागे टेकली. आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"गुड ऑन हिम! पळाला ते बरंच केलं!"

आर्नेने वळून ते आत सांगितलं. आणि मग आतून, त्या न दिसणाऱ्या बायकोचं हसू ऐकू आलं.